चौतिसाव्या कलमाची गोष्ट

२६ एप्रिल १९९७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन क्लबचा गोल्डस्टोन मैदानावरचा शेवटचा सामना. पाहुणा संघ डॉनकास्टर रोव्हर्स. ब्रायटननं तो १-० असा जिंकला, शिट्टी वाजली आणि माणसं कुंपण ओलांडून आत उतरली. कुणी हिरवळीचा तुकडा उपटून पिशवीत घातला, कुणी खुर्ची उचकटून खांद्यावर घेतली. ही दंगल नव्हती. १९०२ पासूनचं घर सोडताना माणसं आठवण म्हणून काहीबाही घेऊन निघाली होती.

मैदान विकलं गेलं होतं. नवं मैदान कुठं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

त्या दिवशी समोर खेळणाऱ्या डॉनकास्टरची कथा तर आणखी विचित्र. १९९५ मध्ये त्यांच्या मैदानावरच्या मुख्य स्टँडला आग लागली. पोलिसांना तिथं एक मोबाइल फोन सापडला. आग लावणारा तो विसरून गेला होता! धागा थेट क्लबचे खरे सूत्रधार केन रिचर्डसन यांच्यापर्यंत गेला. आग लावण्याच्या कटाबद्दल १९९९ मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान १९९७-९८ च्या हंगामात संघ ४६ पैकी ३४ सामने हरला आणि लीगबाहेर गेला. ज्याच्या हाती क्लबच्या किल्ल्या, त्याच्यावरच क्लब जाळण्याचा आरोप सिद्ध झाला.

असं होऊ कसं शकलं? तिथं तर नियमांना फार मान, असं आपण ऐकत आलो आहोत. नियम होता. चांगला शंभर वर्षांचा जुना नियम होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले क्लब मर्यादित कंपन्या होऊ लागले. जागा घ्यायची, स्टँड उभारायचा, खेळाडूंना पगार द्यायचा, तर भांडवल हवंच. पण फुटबॉल असोसिएशनला धास्ती होती, की भांडवलामागून नफेखोर येतील. म्हणून तिनं कंपनी होऊ दिली, पण हात बांधून. लाभांश सुरुवातीला दर्शनी किमतीच्या पाच टक्क्यांवर द्यायचा नाही. संचालकांनी पगार घ्यायचा नाही. आणि क्लब बुडालाच, तर देणी भागवून जे उरेल ते दुसऱ्या क्रीडासंस्थेला किंवा गावातल्या धर्मादाय कामाला द्यायचं, भागधारकांनी वाटून घ्यायचं नाही. पुढं हे सारं ३४ वा नियम म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मर्म त्या शेवटच्या अटीत आहे. क्लब बुडवून काहीच हाती लागणार नसेल, तर तो बुडवायला येईल कोण?

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. तिथं फुटबॉलचे संघ पेठेतल्या तालमींच्या नावानं खेळतात. तालमीची जागा विकून कुणी एकानं पैसे घरी नेले, तर पेठेत काय होईल याची कल्पना करून पाहा.

१९८३ मध्ये लंडनचा टॉटनहॅम क्लब शेअर बाजारात उतरला. त्यासाठी त्यांनी क्लबच्या डोक्यावर दुसरी एक कंपनी बसवली. नियम क्लबला लागू, वरच्या कंपनीला नाही! असोसिएशननं हरकत घेतली नाही. नियम रद्द झाला नाही, कुणी तो मोडलाही नाही. फक्त त्याला वळसा घालता येतो हे सगळ्यांना कळलं. माझ्या मते पुढच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ त्या वर्षात आहे. लोक भरमसाट पगारांना दोष देतात. तोही खरा, पण पगारापायी झालेलं कर्ज कधीतरी फिटतं, गेलेलं मैदान परत येत नाही.

ब्रायटनमध्ये एका समर्थकानं कंपनी नोंदणी कार्यालयातले कागद चाळले, तेव्हा क्लबच्या नियमावलीतून नेमकं ते नफाबंदीचं कलम गायब असल्याचं दिसलं. बोभाटा झाल्यावर ते परत घातलं गेलं. पण मैदान ७४ लाख पौंडांना एका मालमत्ता कंपनीकडे गेलं ते गेलंच. आज तिथं दुकानं आहेत. संघ दोन वर्षं सुमारे ७० मैलांवरच्या जिलिंगमला जाऊन ‘घरचे’ सामने खेळला. नंतर बारा वर्षं एका अॅथलेटिक्सच्या मैदानावर, जिथं धावपट्टीपलीकडून चेंडू दिसला तर दिसला. स्वतःचं मैदान मिळालं २०११ मध्ये. आज हा क्लब प्रीमियर लीगमध्ये आहे, कारण त्याला टोनी ब्लूम हा लहानपणापासूनचा चाहता मालक म्हणून लाभला. हे नशीब झालं, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

ते नशीब मँचेस्टरजवळच्या बरीच्या वाट्याला आलं नाही. (उच्चार खरं तर ‘बेरी’.) क्लब १८८५ चा, गिग लेन हे मैदानही तेव्हापासूनचं. १९०३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बरीनं डर्बी काउंटीला ६-० असं हरवलं. या फरकाची बरोबरी व्हायला मे २०१९ उजाडला. ती केली शेजारच्या मँचेस्टर सिटीनं. त्याच हंगामात बरीनं वरच्या श्रेणीत बढती मिळवली. खेळाडू मैदानावर जिंकत होते, पण पगार थकत होता.

२०१३ पासूनचे मालक स्टुअर्ट डे यांच्या काळात मैदानावर कर्ज चढलं, वाहनतळातल्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी क्लब स्टीव्ह डेल यांना विकला. किंमत? एक पौंड. पुढं डेल यांनीच बीबीसी रेडिओवर सांगितलं, की बरी नावाचा फुटबॉल क्लब असल्याचं आपल्याला ठाऊकही नव्हतं. मग लीगनं काय तपासलं? मालकांची पात्रता पाहणारी चाचणी २००४ पासून होती. ती मुख्यतः मागचे गुन्हे आणि दिवाळखोरी पाही. पैसे कुठून आणणार, याचे पुरावे क्लब ताब्यात घेतल्यानंतर दिले तरी चालत. डेल यांच्याकडून ते आलेच नाहीत.

२७ ऑगस्ट २०१९ ला नवा खरेदीदार येणार म्हणून शेकडो लोक झाडू, बादल्या घेऊन गिग लेनवर जमले. खुर्च्या पुसल्या, गवत काढलं. दुपारी खरेदीदारानं अंग काढून घेतलं. रात्री अकराच्या सुमारास लीगनं क्लबची हकालपट्टी जाहीर केली. १८९४ पासूनचं सदस्यत्व संपलं.

बरीपासून फार लांब नसलेल्या ब्लॅकबर्नचा संबंध थेट पुण्याशी आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये व्हेंकीज समूहानं तो क्लब घेतला, महिन्याभरात प्रशिक्षक सॅम अॅलरडाइस यांना काढलं आणि २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती, हे अनेकांना आठवत असेल. मात्र न्यायानं बोलायचं तर वर्षानुवर्षांची तूट याच मालकांनी भरली आहे. ब्लॅकबर्नची बरी झाली नाही. तरी पुण्यातल्या एका घराण्याच्या मर्जीवर लँकेशरमधल्या एका गावाचा क्लब चालावा, हे तिथल्या माणसाला कसं वाटत असेल?

बरीनंतर सरकार हललं. माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या समितीनं २०२१ मध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली, जुलै २०२५ मध्ये कायदा झाला. आता नियामकाच्या परवानगीशिवाय मैदान विकता किंवा गहाण टाकता येत नाही. म्हणजे १९८३ मध्ये पाडलेली भिंत ४२ वर्षांनी पुन्हा बांधायला घेतली.

गिग लेन २०२२ मध्ये समर्थकांनी सरकारी अनुदानाच्या मदतीनं विकत घेतलं. समर्थकांचे दोन गट मात्र आपसात भांडत होते. २०२३ मध्ये एकदाचे एकत्र आले आणि बरीचा संघ घरी परतला. २०२५ मध्ये बढती मिळवून तो इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या पायरीवर पोचला. ज्याच्यामुळे हा कायदा झाला, त्या क्लबला तो लागू नाही. कायदा वरच्या पाच पायऱ्यांपुरता आहे.