शाकारणी (जिवती परिसर)

शाकारणी म्हणजे पावसाळा सुरू होण्यापूर्वी घराचे छप्पर उघडून, तपासून व दुरुस्त करून पुन्हा झाकण्याचे काम होय. व्यापक अर्थाने या शब्दात भिंतींचे लिंपण, जमिनीचे सारवण, गोठ्याची डागडुजी आणि घराभोवतीच्या पाण्याचा निचरा ही कामेही येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वनक्षेत्रात माती, बांबू, गवत व कवेलू यांची घरे टिकून राहणे दरवर्षीच्या या कामावर अवलंबून असते.

परिसर व घरे

जिवती तालुका माणिकगड पहाडावर वसला आहे. पूर्वी हा भाग राजुरा तालुक्यात मोडत असे व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. येथे गोंड व कोलाम या आदिवासी समाजांबरोबरच १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही राहतात. त्यामुळे एकाच परिसरात कुडाच्या भिंतींची घरे, मातीच्या जाड भिंतींची कवेलारू घरे आणि टिनपत्र्याची घरे आढळतात. कूड म्हणजे लाकडी खांबांमध्ये बांबूच्या कामट्या विणून त्यावर दोन्ही बाजूंनी माती व शेण लिंपून केलेली भिंत.

कामाचा काळ

होळीपासून मृग नक्षत्रापर्यंतचा, म्हणजे मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ शाकारणीचा मानला जातो. या भागात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास पोहोचतो आणि वर्षातील बहुतांश पाऊस सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो. हा काळ दिसायला मोठा असला तरी प्रत्यक्षात हाती फार थोडे दिवस येतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांची वेचणी असते, त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम येतो आणि मे महिन्यात शेताची पूर्वमशागत सुरू होते. तेंदूपानांचा हंगाम हा अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा मुख्य आधार असल्याने घरातील सर्व हात तिकडेच गुंततात. शिवाय मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने छपरावरील काम केवळ सकाळी व संध्याकाळी करता येते.

कामाचा क्रम

काम वरून खाली करण्याचा प्रघात आहे. छप्पर हलवताना काजळी, माती व कुजलेले गवत खाली पडते. म्हणून आधी छप्पर, मग भिंती आणि शेवटी जमीन असा क्रम ठेवला जातो. तत्पूर्वी धान्याच्या कणग्या, बियाणे व अंथरुणे बाहेर काढून उन्हात वाळवली जातात. उन्हाळ्यात अवकाळी पाऊस व गारपीट होत असल्याने संपूर्ण छप्पर एकदम उघडले जात नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा झाकता येईल एवढाच भाग उघडणे हा या कामाचा मूळ नियम आहे.

छप्पर

कवेलारू छपरात अर्धगोल कवेलूंची एक ओळ उताणी व तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी असते. उताण्या ओळीतून पाणी वाहून जाते. पालापाचोळा साचून ही वाट बंद झाली, अथवा वानरांच्या उड्यांमुळे कवेलू सरकले, की पाणी घरात गळू लागते. कवेलू उतरवून झाडले जातात, तडे गेलेले वेगळे काढले जातात व उरलेले पुन्हा रचले जातात. याच वेळी आढे, वासे व कामट्या ठोकून पाहिल्या जातात. आतून पोकळ आवाज येणारे लाकूड वाळवीने खाल्लेले समजून बदलले जाते.

गवताच्या छपराला पाणी लवकर निथळावे म्हणून तीव्र उतार दिलेला असतो. गवत हिवाळ्यात कापून, वाळवून व पेंढ्या बांधून ठेवावे लागते. नवे थर वळचणीपासून आढ्याकडे चढवले जातात, त्यामुळे वरचा थर खालच्या थराच्या जोडावर येतो. चुलीच्या धुरामुळे गवत व बांबू कोरडे राहतात आणि किडीचा उपद्रव कमी होतो.

टिनपत्र्याला वार्षिक फेररचना लागत नाही, मात्र मे-जूनमधील वादळी वाऱ्यात पत्रे उडण्याचा धोका असतो. म्हणून आकडे घट्ट करणे, झिजलेले वॉशर बदलणे व गंजलेली छिद्रे बुजवणे आवश्यक असते. केवळ दगड ठेवून पत्रा दाबणे धोकादायक आहे, कारण वाऱ्याने पत्रा उचलला गेल्यास दगड खाली कोसळतो.

भिंती व जमीन

काळी माती वाळताना आक्रसते व तिला भेगा पडतात. हे टाळण्यासाठी लिंपणाच्या मातीत कुटार किंवा भुसा व शेण मिसळून ती काही दिवस भिजत ठेवली जाते. भिंतीचा पायथा सर्वांत आधी झिजतो, कारण वळचणीचे पाणी जमिनीवर पडून त्याचे शिंतोडे तेथे उडतात. त्यामुळे पायथ्याला जाड थर दिला जातो. या कामाला पाणी पुष्कळ लागते आणि पहाडावर उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. विहिरींना पाणी असेपर्यंत, शक्यतो चैत्रातच लिंपण उरकणे म्हणूनच सोयीचे ठरते. लिंपण व सारवणाचा मोठा भार स्त्रियांवर असतो आणि टंचाईच्या दिवसांत दुरून पाणी आणण्याचे कष्टही त्यांच्याच वाट्याला येतात.

लिंपण आणि फवारणी

हिवतापाच्या प्रतिबंधासाठी आरोग्य विभागाकडून निवडक गावांत घरांच्या आतील भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी केली जाते. भिंतीवर विसावणारा डास या थराच्या संपर्काने मरतो. फवारणीनंतर भिंत लिंपली किंवा रंगवली, तर कीटकनाशक मातीखाली झाकले जाते व फवारणी निष्फळ ठरते. म्हणून आतील भिंतींचे लिंपण फवारणीपूर्वी पूर्ण करणे व त्यानंतर निदान दोन-अडीच महिने भिंतींना हात न लावणे आवश्यक असते. जमिनीच्या सारवणास मात्र या कारणाने अडथळा येत नाही.

परिसराची स्वच्छता

घराभोवती चर खोदून पावसाचे पाणी उताराकडे काढले जाते. सरपण व गवऱ्या पावसापूर्वी आडोशाला रचल्या जातात. सरपणाच्या राशीत साप व विंचू आश्रय घेतात, त्यामुळे ती झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे हितावह असते. भिंतीच्या पायथ्याची बिळे बुजवल्याने उंदीर कमी होतात आणि उंदरांच्या मागे येणारे सापही. मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्यांना दंश करते. या दृष्टीने बिळे बुजवणे हे शाकारणीतील महत्त्वाचे काम आहे.

सामग्री व वनहक्क

छपरासाठी लागणारा बांबू मुख्यतः मानवेल जातीचा असतो. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेल्या परिपक्व बांबूला भुंगा कमी लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ मध्ये ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकार आले. जेथे असे हक्क मान्य झालेले नाहीत किंवा गाव जंगलापासून दूर आहे, तेथे दुरुस्तीचा बांबू मिळवणे अवघड जाते.

बदलते स्वरूप

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) व शबरी आदिवासी घरकुल योजनेतून पक्की घरे बांधली जात आहेत. कोलाम व माडिया या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातही घरांची तरतूद आहे. पक्क्या घरामुळे शाकारणीचे वार्षिक श्रम वाचतात. तथापि स्लॅबवरील पाण्याचा निचरा, भेगा बुजवणे व गच्चीची सफाई ही कामे पावसाळ्यापूर्वी करावीच लागतात. मातीचे घर उन्हाळ्यात तुलनेने थंड राहत असल्याने अनेक कुटुंबे घरकुलाशेजारी जुने घर किंवा छपरी राखून ठेवतात. अशा ठिकाणी दोन्ही प्रकारची देखभाल एकाच कुटुंबाकडे येते.

पावसाळ्यात झिजलेल्या भिंतींचे दुसरे लिंपण दिवाळीपूर्वी होते. हा काळ गोंड व कोलाम गावांतील दंडारीचा असल्याने पाहुण्यांच्या स्वागतासाठी घरे पुन्हा सारवली जातात.

हेही पाहा: जिवती तालुका, माणिकगड, कोलाम, कवेलू, मृग नक्षत्र