बंद दिवसाची किंमत

खाणीवर आयुष्य काढलेल्या माणसाला कुठल्याही यंत्राची किंमत विचारा, तो आधी उलट विचारतो: बंद पडलं तर दिवसाला किती जाणार? माझे थोरले मामा डिचोली तालुक्यातल्या एका खाण कंपनीत सर्व्हेअर होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या कचेरीत नकाशे काढण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. कुठला घ्यायचा आणि त्याला किती मोजायचे, हे पाहणाऱ्या मंडळींत मामाही होते. त्यांच्या तोंडून ती हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या खोलीत मीही बसलो होतो असं वाटावं. मामा सांगत, "आम्ही कॉम्प्युटर बार्जीसारखा विकत घेतला."

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे थोडं उलगडून सांगायला हवं. डिचोली, साखळी, पाळीकडचं खनिज ट्रकांनी सारमानससारख्या धक्क्यांवर यायचं, तिथून बार्जींत भरून मांडवीतून खाली मुरगावला जायचं. बंदरात जहाज उभं. ठरलेल्या मुदतीत माल चढला नाही तर खाणवाल्यांना जहाजमालकाकडे दिवसाच्या हिशेबाने डेमरेज भरावं लागे. त्यामुळे बार्ज स्वस्त की महाग हा प्रश्न खाणवाल्यांच्या डोक्यात पहिला येतच नसे. तिचं इंजिन कोण दुरुस्त करतो, सुटा भाग कुठे मिळतो, ती किती दिवस गोदीत पडून राहते, हे आधी बघायचं आणि मग भाव करायचा.

ही सवय मामांच्याही आधीच्या पिढीची. माझे आजोबा पोर्तुगीज आमदानीत कारकून होते. 1947 साली जेमतेम 100 टनांनी सुरू झालेली गोव्याच्या लोहखनिजाची निर्यात 1954 पर्यंत 10 लाख टनांवर पोचली, ती वाढ त्यांनी कागदोपत्री पाहिली. त्या काळी परदेशी माल मुरगावला सहज उतरे. घड्याळं, फ्रीज, मोटारी, आणि कचेरीत हँडल फिरवून बेरीज-गुणाकार करायची स्वीडिश फासिट यंत्रं. आजोबांच्या टेबलावरचा टाइपरायटर पोर्तुगीज मांडणीचा होता. वरच्या ओळीत क्यू-डब्ल्यू-ई नव्हे, तर एच-सी-ई-एस-ए-आर. सालाझारच्या राजवटीने 1937 साली ती मांडणी ठरवून दिली होती. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, राज्यकारभार इंग्रजीत आला, कचेऱ्यांत नवे टाइपरायटर आले आणि चाळिशीतल्या कारकुनांना बोटं पुन्हा पहिल्यापासून वळवावी लागली. आजोबा म्हणत, नव्या मशीनचे पैसे सरकारने दिले, पण त्या बोटांचे दिले नाहीत. त्यांचं हे म्हणणं मामांनी पुढे खरेदीच्या बैठकीत मांडलं, आणि तिथे बसलेल्या साहेबांना ते पटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काम काय होतं ते आधी पाहू, कारण सगळा निर्णय त्यावरच झाला. खाणीचा नकाशा म्हणजे समपातळी रेषा, सर्व्हेअरच्या भाषेत कंटूर. थिओडोलाइटने उंच-सखल बिंदू मोजायचे, ते कागदावर मांडायचे, त्यांतून रेषा ओढायच्या. मग ठरावीक अंतरांवर खाणीचे उभे छेद काढायचे. प्रत्येक छेदातल्या खनिजाचं क्षेत्रफळ प्लॅनिमीटरने मोजायचं. हे हातभर लांबीचं, दोन दांड्यांचं उपकरण. त्याची सुई छेदाच्या कडेवरून न थबकता एक पूर्ण फेरी फिरवायची, की चाकावर आकडा मिळतो. हात किंचित थरथरला की पुन्हा पहिल्यापासून. शेजारशेजारच्या दोन छेदांची सरासरी घेऊन त्यांमधल्या अंतराने गुणायचं, घनफळ निघतं, त्याला घनतेने गुणलं की टन. हे एकदा करून भागत नसे. गोव्यात एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती-दगड उपसावा लागतो. तो किती, आणि टाकायचा कुठे, याचाही हिशेब तसाच. खड्डे भूजलाच्या पातळीखाली जाऊ लागले तसा पाणी उपसण्याचा हिशेबही वाढला. खणायची दिशा थोडी बदलली तर काय होईल, असं साहेबाने सहज विचारलं की ड्राफ्ट्समनचे पुढचे कित्येक दिवस त्यातच जात.

हे सगळं पावसाळ्यात व्हायचं. मे अखेरीस शेवटची मोजणी, जूनपासून वाहतूक आणि निर्यात मंदावली की कचेरीत बसून पुढच्या हंगामाचा आराखडा. म्हणजे यंत्राची खरी गरज नेमकी त्याच चार महिन्यांत, जेव्हा डिचोलीत वीज दिवसातून कितीदा तरी जाते, कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते आणि घाटापलीकडून येणारा माणूस दरड कोसळली म्हणून वाटेत अडकतो. दिल्ली-मुंबईच्या विक्रेत्यांनी दिलेल्या माहितीपत्रकांत या चार महिन्यांचा विचार नव्हता. मामांच्या मंडळींनी तो केला.

जगात तेव्हा काय मिळत होतं? अमेरिकेत 1981 साली अपोलो आणि 1982 साली सन या कंपन्यांनी इंजिनिअर-शास्त्रज्ञांसाठी टेबलावर बसणारी शक्तिमान यंत्रं आणली होती. त्यांनाच वर्कस्टेशन म्हणत. अशा यंत्राकडून काय अपेक्षा करायची याची एक सुटसुटीत कसोटी कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली होती: एक मेगाबाइट मेमरी, दहा लाख ठिपक्यांचा पडदा आणि सेकंदाला दहा लाख सूचना पाळण्याची ताकद. त्याला किमतीची चौथी अट जोडली जाई, दहा लाख सेंट, म्हणजे 10,000 डॉलर. 1986-87 मध्ये डॉलर साडेबारा-तेरा रुपयांना होता. सव्वा लाखाच्या वरच आकडा, आणि तोही आयात शुल्क लागण्यापूर्वीचा.

दुसरी वाट साध्या पीसीची. 1978 साली आयबीएमने भारत सोडला, त्यानंतर एचसीएल, विप्रो, डीसीएम अशा देशी कंपन्यांना मैदान मोकळं झालं. नोव्हेंबर 1984 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवं संगणक धोरण आणलं, आयात सोपी झाली, किमती उतरू लागल्या. आयबीएमच्या पीसी-एटीच्या धर्तीवरचे, 80286 प्रोसेसरचे कॉम्प्युटर आता मुंबईत सहज मिळत. 1986 साली कॉम्पॅकने 80386 चा पहिला नावाजलेला पीसी काढला, पण त्याचा 40 मेगाबाइट डिस्कचा नगच अमेरिकेत 6,499 डॉलरला होता.

पडद्याचा फरक मामा कागदावर काढून दाखवत. वर्कस्टेशनचा पडदा आडवे 1,152 आणि उभे 900 ठिपके दाखवी, दहा लाखांहून अधिक. पीसीला लावायचं हर्क्युलिस कार्ड 720 गुणिले 348, म्हणजे अडीच लाख. डोंगराच्या वळणावरची कंटूर रेष पीसीवर पायऱ्या-पायऱ्यांची दिसे, दोन रेषा जवळ आल्या की एकमेकींत मिसळून जात. सर्व्हेअरच्या डोळ्याला ते खुपणारच. मामांचं मन वर्कस्टेशनवर बसलं होतं, हे ते उघड सांगत.

मग कोटेशनं टेबलावर आली आणि बार्जीचा हिशेब सुरू झाला. यंत्राच्या किमतीखाली एकेक ओळ वाढत गेली: आयात शुल्क, विक्रीकर, विमा, व्होल्टेज स्टॅबिलायझर, बॅटरीवरचा पुरवठा, खोलीला वातानुकूलन. नकाशा आत घालण्यासाठी डिजिटायझर, आणि बाहेर काढण्यासाठी पेन फिरवणारा मोठा प्लॉटर, जो कॉम्प्युटरच्याच तोलामोलाचा. सॉफ्टवेअरचा परवाना. वार्षिक देखभालीचा करार. दोन ड्राफ्ट्समनांचं मुंबईत प्रशिक्षण, त्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा पगार. आजोबांच्या बोटांची ती ओळ. सगळ्यात खाली, जाड अक्षरात, एक प्रश्न: बिघाड झाला तर माणूस कुठून येणार?

वर्कस्टेशनचं उत्तर होतं मुंबई, आणि सुटा भाग लागला तर त्याच्याही पलीकडे. मुंबईहून माल महामार्गाने यायचा. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. महामंडळ स्थापन झालं 1990 मध्ये आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला 1998 उजाडलं. बांद्याच्या पुढे पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला चेकपोस्ट. तिथे कागदपत्रांत एखादी सही कमी निघाली की ट्रक बाजूला उभा. 1955 च्या सत्याग्रहात जिथे माणसं गोळ्या झेलून पडली, त्या सीमेवर तीसेक वर्षांनी खोकी घेऊन थांबणं मामांना नेहमी विचित्र वाटे. पीसीवाल्यांचा माणूस मात्र पणजीत होता. पण पणजीचंही सोपं नव्हतं. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला होता. त्यानंतर कित्येक वर्षं पणजीहून डिचोलीला यायचं तर आधी बेतीच्या फेरीबोटीची रांग, मग म्हापसा, अस्नोडा आणि शेवटी डिचोली. तरी दिवसाच्या आत माणूस पोचे. मुंबईच्या माणसाला किती दिवस लागतील हे पावसाळ्यात कुणीच लिहून देत नव्हतं.

तिथे निर्णय झाला. 80286 चा पीसी, वर 80287 गणिती कोप्रोसेसर, मोठा प्लॉटर, आणि वाचलेल्या पैशांतून खोली.

त्या खोलीबद्दल मामा यंत्रापेक्षा जास्त बोलत, आणि मला वाटतं ते योग्यच होतं. खनिजाची लाल धूळ ज्याने डिचोलीच्या रस्त्यावर पाहिली नाही त्याला कल्पना यायची नाही. ट्रकांची रांग गेली की वाळत घातलेला सदरा संध्याकाळी विटकरी. हार्ड डिस्कचं डोकं तबकडीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी उंचीवरून तरंगतं. त्या फटीत एक कण गेला की काम खलास. डिस्कची पेटी बंद असते, पण फ्लॉपीच्या फटीला, पंख्याला, कीबोर्डला कोण झाकणार? म्हणून दुहेरी दार, खिडकीला रबराची पट्टी, चपला बाहेर, फ्लॉप्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. साहेबसुद्धा अनवाणी आत येत.

कोप्रोसेसर बसवला तो दिवस मामांना लख्ख आठवे. पणजीच्या इंजिनिअरने झाकण काढलं. आत मुख्य प्रोसेसरजवळ एक रिकामी खाच होती. 80287 ची चिप म्हणजे दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय असलेला, बोटभर लांबीचा काळा तुकडा. पाय किंचित फाकलेले होते, म्हणून त्याने चिप आडवी धरून टेबलावर एकेक बाजू हलकेच दाबली, अर्धवर्तुळाची खूण जुळवून बघितली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देत ती खाचेत बसवली. एक पाय वाकला असता तर नवी चिप मुंबईहून. ही चिप बसेपर्यंत एक नकाशा पुन्हा पडद्यावर उमटायचा म्हणजे चहा घेऊन यायला सवड मिळे. त्यानंतर ती सवड गेली. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या 1987 च्या नवव्या रिलीजपासून कोप्रोसेसर सक्तीचाच झाला, तेव्हा ज्यांनी तो वाचवला होता त्यांना दुसऱ्यांदा खर्च पडला.

पडद्यावरच्या पायऱ्या तशाच राहिल्या. प्लॉटरवर मात्र रेष गुळगुळीत येई, आणि सही व्हायची ती कागदावर. पहिल्या हंगामात प्रत्येक छेद प्लॅनिमीटरनेही मोजला गेला. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी. हे दुहेरी काम कुणी कोटेशनमध्ये धरलं नव्हतं, आणि ते टाळण्याचा विचारही कुणी केला नाही.

माझ्या पेडण्याच्या आत्याचा सौदा याहून लहान आणि माझ्या मते याहून अवघड. ती टंकलेखनाचा वर्ग चालवी, मराठी आणि इंग्रजी. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामाला मराठीचाही वापर मान्य झाला. दोन्ही भाषांना देवनागरी हवी. पीसीला देवनागरी येत नसे. त्यासाठी जिस्ट नावाचं कार्ड आत बसवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं हे तंत्र 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे वाढलं. कार्ड आणि पीसी मिळून जो आकडा होई त्यात तिचे सगळे टाइपरायटर नव्याने आले असते. त्यातून जुलै 1991 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, 21 च्या आसपासचा डॉलर दोन टप्प्यांत 25 च्या पुढे गेला, आणि तिने आधी विचारून ठेवलेला भाव आठवड्यात शिळा झाला.

तरी तिने घेतला. खाणीने काढून टाकलेला जुना एटी, त्यात नवं कार्ड. मग खरी अडचण आली. मराठी टाइपरायटरची मांडणी वेगळी आणि सरकारने 1986 साली प्रमाण ठरवलेली इन्स्क्रिप्टची वेगळी. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजनं, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच बैठक. टाइपरायटरवर हात बसलेल्या मुली रडकुंडीला येत. आत्याने दोन गट केले. टंकलेखनाची परीक्षा द्यायची त्यांना टाइपरायटर, नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून इन्स्क्रिप्ट. आधी एक शिकवून मग दुसरं शिकवायचं नाही, असा तिचा दंडक होता, आणि पालक "दोन्ही शिकवा, फी देतो" म्हणाले तरी ती बधली नाही.

त्या दुसऱ्या गटातल्या मुली पुढे छापखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत लागल्या. मधल्या वर्षांत फॉन्ट बदलले, डॉस गेलं, विंडोज आलं, युनिकोड आलं. विंडोजमध्ये आज मराठी कीबोर्ड निवडला की जी मांडणी उघडते ती इन्स्क्रिप्टच. त्यांच्यातली एक आता पेडण्यातच निवृत्तीला आली आहे. तिच्या बोटांना त्यानंतर एकदाही नव्याने शिकावं लागलेलं नाही.