लिन्यांतीची गाडी

ऑगस्ट १८६० मध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागातील लिन्यांती या गावी पुन्हा पोहोचला. मकोलोलो लोकांची ही राजधानी दलदलीने वेढलेली होती. लिव्हिंग्स्टनची बैलगाडी १८५३ पासून तिथेच उभी होती. इतक्या वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. राजा सेकेलेटूच्या माणसांनी ती पाहुण्याची ठेव म्हणून सांभाळली होती. पडद्यावर चित्रे दाखवण्याचा कंदील आत होता, औषधांची पेटीही होती.

त्या पेटीत तापावरचे औषध होते. आणि चारच महिन्यांपूर्वी, त्या गाडीपासून काहीशे पावलांवर, लंडन मिशनरी सोसायटीची दोन कुटुंबे तापाने फणफणत पडली होती.

होलोवे हेल्मोर, त्याची पत्नी अ‍ॅन आणि त्यांची चार मुले. रॉजर प्राइस, त्याची पत्नी इझाबेला आणि त्यांचे तान्हे मूल, असे हे नऊजण होते. जुलै १८५९ मध्ये कुरुमान सोडून, वाटेत पाण्यावाचून हाल काढत, ते फेब्रुवारी १८६० मध्ये लिन्यांतीला आले. दोन-अडीच महिन्यांत हेल्मोर पतिपत्नी, त्यांची दोन मुले आणि प्राइसचे तान्हे मूल गेले. परतीच्या वाटेवर इझाबेलाही गेली. त्यांच्याबरोबर आलेले काही त्स्वाना सोबतीही दगावले. नऊजणांपैकी प्राइस आणि हेल्मोरची दोन मुले तेवढी वाचली. आपल्याला विष घातले गेले, असे प्राइसने मानले. औषध जवळच उभ्या असलेल्या गाडीत आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. ही हळहळ पुढे लिव्हिंग्स्टनने आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे.

आफ्रिकेतल्या मिशनरी वैद्यकाचा इतिहास बहुधा धाडसी डॉक्टरांच्या चरित्रांतून सांगितला जातो. लिन्यांतीची गाडी मात्र वेगळाच प्रश्न विचारते. औषध असणे आणि ते रोग्यापर्यंत पोहोचणे यांत जे अंतर असते, ते कोण तोडत होते? आणि त्याची किंमत कोण मोजत होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लिव्हिंग्स्टनपेक्षा त्याच्या घराकडे आधी पाहावे लागते.

रॉबर्टची आई

मेरी मॉफट १८२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच, ग्रिकाटाउन येथे जन्मली. तिचे वडील रॉबर्ट मॉफट यांनी कुरुमानला मिशनचे ठाणे वसवले, बायबलचे त्स्वाना भाषेत भाषांतर केले. मेरीला ती भाषा लहानपणापासून अवगत होती. स्कॉटलंडमधल्या कापडगिरणीत राबून वैद्यक शिकलेला लिव्हिंग्स्टन १८४१ मध्ये कुरुमानला आला, तेव्हा त्या मुलखाबद्दल त्याच्यापेक्षा तिलाच अधिक ठाऊक होते. १८४४ मध्ये माबोत्सा येथे सिंहाने लिव्हिंग्स्टनचा डावा दंड चावून मोडला. तिथे दुसरा डॉक्टर नव्हता, त्यामुळे हाड बसवण्याचे काम त्याला स्वतःच करून घ्यावे लागले. ते वाकडेच सांधले गेले. पुढे तो बरा होण्यासाठी कुरुमानला येऊन राहिला, तिथे मेरीशी त्याचे जुळले आणि जानेवारी १८४५ मध्ये लग्न झाले.

थोरला मुलगा रॉबर्ट झाल्यावर लोक तिला ‘मा-रॉबर्ट’ म्हणू लागले. आपल्याकडे गल्लीत बाईचे नाव मागे पडून ती ‘बंड्याची आई’ होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की त्या नावाला मान होता. मूलबाळ असलेला माणूस घर करून राहायला आलेला असतो, लुटायला नव्हे, एवढा विश्वास लोकांना वाटे. मिशन संस्थांनाही हे पक्के ठाऊक होते. मिशनरीची पत्नी पगाराच्या यादीत नसे. पण तिच्यावाचून ठाणे चालत नसे.

कोलोबेंग येथे १८४७ पासून त्यांचा संसार होता. घर लिव्हिंग्स्टनने स्वतःच्या हातांनी बांधलेले. साबण, मेणबत्त्या, लोणी, पाव सगळे घरीच करायचे. साबणासाठी लागणारा खार एका झाडाच्या राखेतून काढायचा. दुष्काळाची वर्षे होती, नदी आटली होती. टोळ, सुरवंट आणि मोठे बेडूक ताटात येत, आणि मुले ते आवडीने खात. दुपारी मेरी गावातल्या मुलांची शाळा घेई. ही शाळा, हे घर आणि मागच्या बाजूचा दवाखाना अशा भिंती वेगवेगळ्या नव्हत्याच.

दोन वैद्य

दवाखाना म्हणजे तरी काय? डोळे आलेले, गाठी झालेले, अडलेल्या बाळंतिणीचे नातेवाईक असे लोक लांबून चालत येत. लिव्हिंग्स्टनने एक पथ्य पाळले होते. गावच्या वैद्याच्या हातातला रोगी तो सहसा घेत नसे. त्या वैद्याने बोलावले किंवा हात टेकले, तरच तो पुढे होई. हे सौजन्य होते तसेच व्यवहारज्ञानही होते. वैद्याला शत्रू करून त्या गावात कोणाला औषध पाजता आले नसते.

बक्वेना लोकांचा राजा सेचेले स्वतः पाऊस पाडणारा म्हणून नावाजलेला होता. १८४८ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि दुष्काळ हटेना, तेव्हा लोकांनी त्याचा दोष नव्या धर्माला दिला. पाऊस पाडणाऱ्या वैद्याशी झालेला आपला वाद लिव्हिंग्स्टनने १८५७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात दिला आहे, आणि तो प्रामाणिकपणे दिला आहे. त्या वैद्याचे म्हणणे थोडक्यात असे: तुमच्या औषधाने कधी रोगी बरा होतो, कधी मरतो, मेला तर तुम्ही औषध देणे सोडता काय? मग पाऊस न पडल्यावर मी का सोडावे? वाचताना जाणवते, की या वादात डॉक्टर जिंकलेला नाही. तापाचे कारण त्या काळी दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी दूषित हवा या अर्थाचा. डासांचे थवे दिसले की तो भाग तापाचा समजावा, हे लिव्हिंग्स्टनने हेरले होते. पण डास हेच ताप वाहून नेतात, हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवायला १८९७ साल उजाडावे लागले.

मुलांच्या अंगातला ताप

१८५० मध्ये लिव्हिंग्स्टन नगामी सरोवराकडे निघाला तो बायकोमुलांना गाडीत घालून. मेरी गरोदर होती. सरोवराकाठी मुले तापाने आडवी झाली आणि सगळ्यांना मागे फिरावे लागले. कोलोबेंगला परतल्यावर एलिझाबेथ जन्मली आणि सहा आठवड्यांची होऊन गेली. मेरीच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. पुढल्याच वर्षी पुन्हा तोच मार्ग, पुन्हा ती गरोदर. या वेळी सासूबाईंनी जावयाला पत्रातून चांगलेच खडसावले. जावई ऐकणारा नव्हता. सप्टेंबर १८५१ मध्ये झूगा नदीच्या काठी वाटेतच मुलगा झाला.

या प्रवासांनी लिव्हिंग्स्टनला एक गोष्ट शिकवली. या तापाला थोडेथोडके क्विनीन पुरत नाही; ते लवकर आणि ठणठणीत मात्रेत द्यावे लागते. त्याने आपल्या गोळ्या बसवल्या: क्विनीन, पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल, रेवाचिनी आणि जालप नावाच्या मुळाची राळ, हे सारे वेलदोड्याच्या अर्कात घोटून. अंथरुणाला खिळलेल्यालाही त्या उठवून बसवतात, म्हणून त्याच्या माणसांनी त्यांना ‘उठवणाऱ्या’ असेच नाव दिले. पुढे एका ब्रिटिश कंपनीने त्या लिव्हिंग्स्टनच्या नावाने विकल्याही. रेचकांचा भाग आजच्या दृष्टीने निरुपयोगी, किंबहुना अपायकारक. गुण होता तो क्विनीनचा.

एप्रिल १८५२ मध्ये मेरी आणि चार मुले केपटाउनहून इंग्लंडला रवाना झाली. त्याच वर्षी बोअर लोकांनी कोलोबेंगवर हल्ला केला. घर लुटले, पुस्तके फाडली, औषधांच्या बाटल्या फोडल्या. घर गेले आणि दवाखानाही गेला. लिव्हिंग्स्टन मात्र मोकळा झाला होता. पुढच्या चार वर्षांत त्याने आफ्रिका आडवी पार केली, व्हिक्टोरिया धबधब्याला राणीचे नाव दिले, जगभर गाजला. मेरी त्या काळात या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे, पैशांच्या ओढगस्तीत दिवस काढत होती. जिचा जन्म आफ्रिकेत झाला, तिला स्कॉटलंड हेच परदेश होते.

१८५८ मध्ये झांबेझी मोहीम निघाली. तिच्या आगबोटीचे नाव ‘मा-रॉबर्ट’ होते. खरी मा-रॉबर्ट मात्र पुन्हा गरोदर असल्याने कुरुमानला गेली. तिथे अ‍ॅना मेरी जन्मली. मेरी नवऱ्याकडे पोहोचली ती १८६२ च्या सुरुवातीला. तीन महिन्यांत झांबेझीकाठच्या शुपांगा येथे तिला तापाने गाठले. या वेळी कशाचीच उणीव नव्हती. गोळ्या होत्या, त्या बनवणारा नवरा उशाशी होता, डॉ. जॉन कर्क होता. पण उलट्या थांबेनात. पोटात औषध टिकेना. २७ एप्रिल १८६२ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिथल्या मोठ्या गोरखचिंचेखाली तिला पुरले. दोन वर्षांनी थोरला रॉबर्ट अमेरिकेच्या यादवी युद्धात, खोट्या नावाने भरती होऊन, कैदेत मेला.

शेवटची पेटी

जानेवारी १८६७ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात औषधांची पेटी पुन्हा गेली. बराका नावाचा पोरगा ती जिवापाड जपे. त्या दिवशी सकाळी त्याने सोबतच्या एका हमालाशी ओझ्याची अदलाबदल केली, आणि तो हमाल ओझ्यासकट पळाला. आपल्याला मृत्युदंडच सुनावला गेला, अशा अर्थाचे त्या रात्री लिव्हिंग्स्टनने डायरीत लिहिले. त्यानंतर तो सहा वर्षे जगला. तो जगला हे खरे. पण ताप, अतिसार आणि रक्तस्राव यांनी कणाकणाने झिजत.

या शेवटच्या अध्यायाशी आपला धागा जुळतो. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकला शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने वसाहत चालवली होती. १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून निघाला, तेव्हा या ‘नाशिकच्या मुलां’पैकी नऊजण त्याच्याबरोबर होते, १८७२ मध्ये आणखी काही येऊन मिळाले. १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मेला, तेव्हा भोवती एकही गोरा माणूस नव्हता. शव समुद्रापर्यंत न्यायचे असे सोबत्यांनी ठरवले. त्यांच्यातला फरिजाला झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरीला होता. त्याने आणि नाशिकच्या कॅरस फरारने शव उघडून आतले अवयव काढले. डाव्या बाजूला गोठलेल्या रक्ताची मोठी गाठ त्यांना दिसली, ती त्यांनी लक्षात ठेवली. हृदय तिथेच झाडाखाली पुरले. नाशिकच्याच जेकब वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. शवाला मीठ लावून ते चौदा दिवस उन्हात वाळवले. मग शुपांगाचा सुसी आणि मुंबईच्या मिशन शाळेत शिकलेला चुमा यांच्या पुढारपणाखाली ते किनाऱ्याला नेले. लंडनमध्ये सर विल्यम फर्ग्युसनने शवाची ओळख पटवली ती त्या वाकड्या सांधलेल्या दंडावरून.

सेकेलेटूच्या माणसांनी पेटी जपली. बराकाने ती वाहिली. फरिजालाने डॉक्टरच्या घरी नोकरी करता करता शरीराची ओळख करून घेतली. ग्रामीण आफ्रिकेत पाश्चात्त्य वैद्यक रुजले ते अशा हातांतून आणि मा-रॉबर्टसारख्या संसारांतून. हेल्मोर कुटुंबाजवळ नेमके हेच जुने नातेगोते नव्हते. म्हणून काहीशे पावलांचे अंतर त्यांना तोडता आले नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरीचा भाचा माल्कम मॉफट याने चितांबोच्या परिसरात मिशनचे ठाणे उभारले. कुरुमानला बापाच्या अनुपस्थितीत जन्मलेल्या अ‍ॅना मेरीचा मुलगा, डॉ. ह्यूबर्ट विल्सन, तिथे डॉक्टर म्हणून आला. आजोबांनी त्या गावी गुडघे टेकले तेव्हा त्यांच्याजवळ पुरेसे औषध नव्हते. नातू तिथे राहायला आला होता.