सुरत–बऱ्हाणपूर वाटेवरचे नंदुरबार
पुरवठा साखळी व्यवस्थापन हा तंत्रमहाविद्यालयांत अलीकडे आलेला विषय. नंदुरबारला त्याचा व्यवहार मात्र जुना. सुरत–बऱ्हाणपूर वाटेवरच्या या गावात १६६६ साली इंग्रजांची वखार होती. इथला व्यापार रेल्वेने घडवला, असे कोणी म्हणेल; पण १९०० च्या सुमारास आलेली तापी व्हॅली रेल्वे याच जुन्या व्यापारी खोऱ्यातून धावली. अर्थात नुसती वाट पुरत नाही. १६३० च्या दुष्काळात याच वाटेने जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला जागोजाग भूकबळी दिसले. माल वेळेपर्यंत टिकवून धरणे, हे खरे कसब. नंदुरबारची ओली लाल मिरची बाजारात येते, उघड्या पथाऱ्यांवर वाळते, मगच दूर जाते. अवकाळी पाऊस आला, की व्यापाऱ्याचा माल भिजतो तो या पथाऱ्यांवरच.