दोन खटले आणि एक कंपनी

महाराजा नंदकुमार व वॉरन हेस्टिंग्ज यांच्या खटल्यांची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत दोन निरनिराळ्या प्रकरणांत येते. ती शेजारीं ठेवून वाचली म्हणजे तींतून निराळाच अर्थ निघतो, असें आम्हांस वाटतें.

१७७५ च्या मार्चमध्यें नंदकुमारानें कलकत्त्याच्या कौन्सिलपुढें गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जवर साडेतीन लाखांहून अधिक रुपयांच्या लाचेचा आरोप ठेविला. मे महिन्यांत, खोटा दस्तऐवज केल्याच्या एका जुन्या प्रकरणांत, खुद्द नंदकुमारासच अटक झाली. आणि ५ ऑगस्ट रोजीं त्यास फांशीं दिलें. अशा गुन्ह्यास देहान्ताची शिक्षा सांगणारा कायदा १७२९ चा, व तोहि इंग्लंडचा! सरन्यायाधीश इंपे हा हेस्टिंग्जचा शाळासोबती. या कामीं हेस्टिंग्जचा हात होता कीं नाहीं, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. आम्ही त्या वादांत शिरत नाहीं. अटकेपासून फांसापर्यंत अवघे तीन महिने लागले, एवढेंच आम्ही ध्यानांत ठेवितों.

आतां दुसरा खटला. हेस्टिंग्जवरील महाभियोगाची सुनावणी लॉर्डांच्या सभेपुढें १७८८ त सुरू झाली आणि १७९५ त, सात वर्षांनीं, तो निर्दोष सुटला. खर्चानें तो बुडाला खरा. पण कंपनीनें त्यास सालीना ४,००० पौंड बांधून दिले. जिच्या नफ्यासाठीं हा सारा कारभार चालला, ती कंपनी मात्र आरोपीच्या पिंजऱ्यांत कधीं उभीच राहिली नाहीं.

१८५८ त कंपनीचें राज्य गेलें, त्यासरशी हा दोषहि गेला असें म्हणावें, तर भोपाळ आडवें येतें. १९८४ च्या डिसेंबरांत युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून सुटलेल्या विषारी वायूनें हजारों माणसें मेलीं. १९९६ त सर्वोच्च न्यायालयानें आरोप सौम्य करून निष्काळजीपणावर आणिला. २०१० त सात भारतीय अधिकाऱ्यांस दोन वर्षांची शिक्षा झाली; ते त्याच दिवशीं जामिनावर सुटले. अमेरिकेंतील मूळ कंपनी आरोपी असूनहि भोपाळच्या न्यायासनापुढें कधीं आली नाहीं.

फांसास मान लागते, तुरुंगास देह लागतो. कंपनीस दोन्ही नाहींत. आणि तिच्या छायेंत उभे असलेल्यांपर्यंत शिक्षेचा हात पोंचेतों तो थकून जातो. कायदा सर्वांस सारखा, हें वाक्य आम्ही आजवर विद्यार्थ्यांस शिकवीत आलों. तें खोटें नव्हे. पण नंदकुमाराचे तीन महिने व हेस्टिंग्जचीं सात वर्षें त्याच्याशेजारीं लिहून ठेवल्यावांचून तें पुरतेपणीं शिकविलें, असें आम्हांस म्हणवत नाहीं.