दिल्ली दरवाजा आणि दिल्ली

शनिवार पेठेंत राहणाऱ्या मनुष्यास शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा रोज दिसतो, आणि म्हणूनच तो सहसा त्याच्या ध्यानांत येत नाहीं. त्याचें तोंड उत्तरेकडे, म्हणून नांव दिल्ली. लोहगांवच्या विमानतळावरून सुटलेलें विमान आज सुमारें दोन तासांत दिल्लीस उतरतें. सरळ रेषेनें हें अंतर पावणेबाराशें किलोमीटरांच्या जवळपास भरतें. पेशव्यांस मात्र तें कोसांत मोजून भागत नसे, दिवसांतच मोजावें लागे. आणि दिवसांचा हिशेबही एक नसे. सड्या घोडदळाचा वेगळा, तोफांचा वेगळा, जासुदाचा वेगळा.

इ. स. १७३७ च्या मार्चअखेर पहिल्या बाजीरावानें दिल्ली गांठली, ती दहा मजलांची वाट दोन दिवसांत तोडून. जड सामान त्यानें मागें धाडलें होतें. उलट सदाशिवरावभाऊ १४ मार्च १७६० रोजीं परतुराहून निघाला तो दिल्लींत शिरला ऑगस्टच्या आरंभीं. बरोबर तोफखाना, बायकामुलें, यात्रेकरू. वाटेंत पावसाळा आणि दुथडी भरलेल्या नद्या. साडेचार महिने गेले यांत नवल नाहीं.

वर्गांत पानपताचा विषय निघाला कीं एक प्रश्न हटकून येतो : तिकडे फौज उपाशी मरत असतां नानासाहेबानें पैठणास लग्न कसें केलें? लग्नाची तारीख २७ डिसेंबर १७६०. हा दोष आमच्या इतिहासलेखकांनींही त्याच्या माथीं मारला आहे, व कित्येकांनीं तो फार चवीनें मारला आहे. परंतु अंतर मोजून पाहावें. पानपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा. त्याची वार्ता नानासाहेबास भेलशाजवळ २४ जानेवारीस कळली, आणि तीही सरकारी डाकेनें नव्हे, तर सावकारी जासुदाजवळच्या पत्रावरून. (सावकाराची डाक राज्याच्या डाकेपुढें धांवते, ही गोष्ट आपल्याकडे कोणास नवी वाटूं नये.) पानपत ते भेलसें सरळ रेषेनें साडेसहाशें किलोमीटर, त्यास दहा दिवस. पैठण तर अकराशें किलोमीटरांवर. याच वेगानें वाट मोकळी असती तरी लग्नाच्या दिवशीं पैठणास कळतें तें पंधरा-सतरा दिवसांपूर्वींचें. आणि वाट मोकळी नव्हती, अब्दालीनें ती रोखून धरली होती.

बरें, लग्न न करतां तो त्याच दिवशीं निघता तर? युद्धास उरले होते अठरा दिवस. पैठणाहून भेलशापर्यंतच्या सुमारें पांचशें किलोमीटरांस त्याला प्रत्यक्षांत चार आठवडे लागले. तेव्हां लग्नामुळें पानपत बुडालें हें म्हणणें गणितांत टिकत नाहीं.

एवढ्यानें नानासाहेब दोषमुक्त होतो असें मात्र मला वाटत नाहीं. पत्रें येईनाशीं होणें हीही एक बातमीच होती. ऑगस्टांत दिल्ली हातीं आल्यापासून पुढचे महिने दक्षिणेंतून कुमक व पैसा निघावयास पुरेसे होते. परतुराहून गेलेल्या फौजेस किती काळ लागला हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक होतें? दोष शोधावयाचा तर त्या महिन्यांत शोधावा, पैठणच्या मांडवांत नव्हे. भेलशास वार्ता कळल्यावर पांच महिन्यांनीं, २३ जून १७६१ रोजीं, तो पर्वतीवर वारला.