पवई : वस्ती व शेजारसंबंध

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यातील एक उपनगर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याच्या वहिवाटीत होती. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९१ मध्ये येथे तलाव बांधण्यात आला, पण त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या आवारातील पेरू बागेत आदिवासी कुटुंबेही दीर्घकाळ राहत आली.

येथील शेजारसंबंधांचे मूळ रहिवाशांच्या स्वभावात शोधणे व्यर्थ होय. ते जमिनीच्या दस्तऐवजांत आहे. पवई, तिरंदाज व कोपरी या मौजांतील सुमारे २३० एकर जमीन १९८६ च्या त्रिपक्षीय करारान्वये हेक्टरी एक रुपया भाड्याने, ऐंशी वर्षांच्या पट्ट्यावर विकासकाकडे गेली ती तेथे चाळीस व ऐंशी चौरस मीटरांची, सामान्य ऐपतीच्या कुटुंबांना परवडणारी घरे उभी राहावीत, या स्पष्ट अटीवर. प्रत्यक्षात जुन्या दगडखाणींच्या जागी हिरानंदानी गार्डन्सचे उत्तुंग, स्तंभमंडित मनोरे उभे राहिले, आणि ज्या वर्गासाठी हा करार झाला होता तो वर्ग त्या मनोऱ्यांत पगारी कामापुरताच शिरू शकला. मेधा पाटकर आदींच्या याचिकांवर २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने इतर बांधकामाआधी ती लहान घरे बांधण्याचा आदेश दिला.

फुलेनगर, मिलिंदनगर यांसारख्या वस्त्या आणि मनोरे यांच्यातील व्यवहार दाट असला, तरी तो समपातळीवरचा नाही. ज्या मावशीच्या हाती घराची किल्ली आणि तान्हे मूल निःशंकपणे सोपविले जाते, तिनेच फाटकावर ओळखपत्र दाखवावे, परतताना पिशवी उघडावी आणि नोकरांसाठी राखलेल्या लिफ्टनेच वरखाली करावे, ही मुंबईच्या मनोऱ्यांतील सर्वपरिचित रीत अपमानास्पद आहे, हे येथे निःसंदिग्धपणे नोंदविले पाहिजे. विद्येचे आवारही भेदापासून मुक्त राहिले नाही : २०२३ मध्ये तंत्रज्ञान संस्थेच्या वसतिगृहात शाकाहारींसाठी वेगळी मेजे राखण्यावरून वाद उद्भवला, आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. पंक्तिभेदाचा इतिहास ज्यांच्या घरांनी भोगला आहे, त्यांना त्या मेजांचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

६ जून २०२४ रोजी महानगरपालिकेने पोलीस बंदोबस्तात जयभीमनगर ही बांधकाम मजुरांची जुनी, बहुसंख्येने दलित व श्रमिक कुटुंबांची वस्ती जमीनदोस्त केली. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात निवासी बांधकामे पाडू नयेत, असा शासननिर्णय अमलात असतानाही हे घडले. बेघर कुटुंबांनी लगतच्या पदपथावर ताडपत्र्या बांधून पावसाळा काढला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने या कारवाईच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले.